दंडावरचा डाग आणि बीसीजी

मोबाईलवर येणारे मेसेज मी सहसा मनातल्या मनात वाचतो. त्या रविवारी मात्र मोठ्यानं वाचायचं ठरवलं आणि तिथंच फसलो.

कोरोनाचं पहिलं वर्ष. लॉकडाऊन उठून कचेऱ्या नुकत्याच सुरू झालेल्या. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात आम्ही तिघं: मी, बायको अंबिका आणि माझी आई मनकर्णाबाई. आई सत्तरीच्या पुढची, त्यामुळं अंबिका कोथिंबीरसुद्धा साबणाच्या पाण्यात बुडवून मगच घरात घ्यायची. (वरणाला जो वास यायचा त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.) छावणीतल्या कचेरीत रोज जाणारा मी म्हणजे घरातला सगळ्यात धोकादायक प्राणी. आल्या आल्या न्हाणीघर, आणि कशालाही हात लावायचा नाही.

तर मेसेज असा होता: ‘लहानपणी क्षयरोगावरची बीसीजीची लस टोचलेली असेल तर कोरोनापासून संरक्षण मिळण्याची शक्यता. अभ्यास सुरू. दंडावरचा गोल व्रण तपासा.’

‘शक्यता’ आणि ‘अभ्यास सुरू’ हे शब्द मी कारकुनी सवयीनं गाळले. (लोकांच्या अर्जातलं गैरसोयीचं तेवढं न वाचण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.) शर्ट काढून आरशासमोर उभा राहिलो. डाव्या दंडावर रुपयाएवढा गोल, गुळगुळीत डाग!

“अंबिका, मला होणार नाही!” मी ओरडलो.

“काय? प्रमोशन?”

“अगं, कोरोना! हा बघ बीसीजीचा व्रण. सरकारी शिक्काच आहे म्हण ना!”

अंबिकेनं डाग पाहिला, मग मला पाहिलं. “मास्क लावूनच जायचं,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. गल्लीचं वळण ओलांडलं की मास्क हनुवटीवर यायचा. बाह्या आखूड असलेले शर्ट शोधून काढले. कचेरीत अर्ज घ्यायच्या खिडकीशी बिनधास्त बसलो, टपरीवर गर्दीत घुसून चहा प्यायलो. दुसऱ्यांना धीर द्यायलाही लागलो, म्हणजे दंड दाखवायला लागलो.

एका संध्याकाळी शेजारचे काकासाहेब कठड्यापलीकडून म्हणाले, “वैजनाथराव, तुमचा तो डाग दाखवा बरं. आमच्या दंडावर तसलं काही सापडेना.”

मी बाही वर केली. काकासाहेब चष्मा लावून अगदी जवळ आले. नेमकी आई वाती वळत बाहेर आली.

“काय बघायलेत त्याच्या दंडावर?”

“बीसीजीची खूण, मावशी. लस टोचलेली.”

“ह्याला?” आईच्या हातातली वात थांबली. “ह्याला कव्हा टोचलं? टोचणारी माणसं गावात आली की हा गोठ्यात जाऊन गव्हाणीत निजायचा, वरून कडबा घ्यायचा. म्हशीनं कडबा खाल्ला तव्हा सापडला. तवर जीप गेली व्हती.”

“आई, मग हा डाग?” मी दंड तिच्यापुढं धरला.

“फोडणीची पळी! कढीची फोडणी द्यायले तर मधीच दंड घातला. लई रडला व्हतास.”

म्हणजे आजवर माझं रक्षण मोहरी-जिऱ्यानं केलं होतं! काकासाहेबांनी मास्क नाकावर ओढला आणि ‘येतो हं’ असं म्हणत उलट पावली घरात गेले.

त्यानंतर माझी जी अवस्था झाली ती सांगवत नाही. टपरीवर खोकणारा प्रत्येक माणूस आठवायला लागला. माझं होईल ते होवो, पण आई? तिच्या हातचा चहा मी रोज तिच्या शेजारी बसून पीत होतो. मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. अंबिका ताट उंबऱ्यावर ठेवायची. रागावली नाही, उलट ताटात रोज शिरा असायचा. (शिऱ्याचा वास येतोय ना, हे तपासायला, असं ती म्हणाली. मी तपासणीला वाटीभर आणखी मागायचो.) सुदैवानं कुणालाच काही झालं नाही. मी बाहेर आलो तेव्हा आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली.

साथ जरा ओसरली तशी आई म्हणाली, “टोचायचं राह्यलंय तर टोचून घेऊ. चल.”

“आई, आता ह्या वयात?”

“माझं लेकरू हाय. मी नेते.”

अंबिकेनं दोघांना दोन-दोन मास्क बांधले. आरोग्य केंद्रात बाळांच्या लसीकरणाचा वार होता. रांगेत सगळी दुपट्यात गुंडाळलेली मंडळी आणि मधे मी. नोंद करणाऱ्या सिस्टरनं मान वर न करताच विचारलं, “बाळाची आई कोण?”

“मी,” आई म्हणाली.

सिस्टरनं मान वर केली. “आणि बाळ?”

आईनं मला दंडाला धरून पुढं ढकललं.

“वजन?”

“शहात्तर,” मी पुटपुटलो.

आतल्या डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. आईनं त्यांना कोरोनापासून डागापर्यंत सगळं सांगितलं. “काका, ही जुनी लस ह्या नव्या आजारावर चालते का, ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. अभ्यास चाललेत, निकाल यायचाय. तोवर मास्क लावा, हात धुवा. आणि ह्या कुप्या ह्या बाळांसाठी आहेत, त्यांच्या वाट्याची तुम्हाला कशी देऊ?”

“बरोबर आहे,” मी उदारपणे म्हणालो. सुई टळल्याचं समाधान इतकं होतं, की मी बाळांकडं कौतुकानं बघायला लागलो. तेवढ्यात सिस्टरनं शेजारच्या बाळाचा दंड पुसला आणि सुई वर धरली. ती उजेडात चमकली. पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी बाकावर आडवा होतो. डोक्याखाली कुणाचं तरी दुपटं, आणि आई पदरानं वारा घालत होती. नुकतंच टोचलेलं ते बाळ रडायचं थांबून माझ्याकडं टक लावून बघत होतं.

“लस झाली की थोडा वेळ थांबायचं, मग घरी न्यायचं,” सिस्टर सगळ्या आयांना सांगत होती. हळूहळू टोचलेली बाळं आपापल्या आयांच्या कडेवर निघून गेली. न टोचलेला मी तेवढा एकटा निरीक्षणाखाली राहिलो.