कान वाजला, जावई निघाला

भरदुपारी जेवता जेवता तेकसानच्या उजव्या कानात अचानक 'टींऽऽ' सुरू झालं. दुसऱ्या कोणी कानात करंगळी फिरवून पुढचा घास घेतला असता. तेकसानने चॉपस्टिक्स ठेवल्या आणि भिंतीवरचं पंचांग उतरवलं. कोणता कान, कोणत्या प्रहरी वाजला की काय घडतं, हे त्यात पानभर दिलेलं असतं.

"स्युलान! वडीलधारं माणूस आठवण काढतंय, मेजवानीचं बोलावणं येणार! तुझे बाबाच!"

"आठवण काढत असतील. शिव्या देताना नाव घ्यावंच लागतं," बायको म्हणाली.

तिचं चुकत नव्हतं. गेल्या नववर्षाला, सगळ्या पाहुण्यांदेखत, सासऱ्यांच्या तळ्यातला मासा चिखलासारखा लागतो असं तेकसान बोलून गेला होता. (सासऱ्यांचा उभा जन्म त्या तळ्याकाठी गेलेला!) तेव्हापासून त्याला तिथे दारबंदी होती. आज सासऱ्यांची सत्तरी, आणि नवरा पंगतीला नसेल तर आपणही जाणार नाही, असं सांगून स्युलान सकाळपासून डोळे पुसत होती. तेकसानला ते बघवत नव्हतं. पण माफी मागायला जीभ रेटत नव्हती. आता कानानेच परवानगी दिली म्हटल्यावर प्रश्न मिटला.

सत्तरीची भेट म्हणून डुकराचे पाय आणि दीर्घायुष्याच्या शेवया बांधून दोघं स्कूटरवरून सासऱ्यांच्या गावी, छिगूला पोचली. दार सासऱ्यांनीच उघडलं.

"कोणी बोलावलं?"

"कानाने, बाबा. दुपारी उजवा वाजला."

म्हातारा चपापला. "माझा डावा वाजतोय. सकाळपासून."

"दोघांचेही वाजणारच!" औषधांच्या दुकानात काम करणारी मेहुणी आतून ओरडली. "काल देवीच्या पालखीपुढे फटाक्यांच्या माळेला खेटून कोण उभं होतं? एक या टोकाला, एक त्या टोकाला! इतका आवाज झाला की कान वाजतात. पंचांग कसलं बघताय, कापसाचे बोळे घाला!"

"तू गप्प बस!" सासरा आणि जावई एकदम म्हणाले. वर्षभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

सासऱ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चक्क हाताला धरून आत नेलं. थेट आपल्या शेजारी बसवलं. स्युलानचा चेहरा असा फुलला की तेकसानचा ऊर भरून आला. त्याने पाहुण्यांकडे विजयी नजर फिरवली.

"बाबा, तुमच्या कानाचं फळ काय निघालं?" त्याने लाडात येऊन विचारलं.

"सकाळी डावा कान वाजला तर दारी पीडा येते," सासरे त्याच्या वाडग्यात मासा वाढत म्हणाले. "तिला हाकलू नये, उलटते. पोटभर जेवू घालावं आणि दिवस मावळायच्या आत गावाबाहेर पोचवावं. स्युलान, वाढ गं, भरभर वाढ त्याला!"