आटलेल्या सुपाचा निवाडा

घरात अधिकृतपणे सांगण्यात आले ते एवढेच: "सूप आटलं." निवेदन सीतारामरावांचे. धरणांतले पाणी उन्हाळ्यात कुठे जाते याची कारणे लिहिण्यात त्यांची सरकारी नोकरी सरली होती, आणि बाष्पीभवनावर त्यांची जुनी श्रद्धा होती. त्यांच्या पत्नीची, डॉ. कल्याणी यांची, नव्हती. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्या यवनांवर, म्हणजे प्राचीन ग्रीकांवर, त्यांनी प्रबंध लिहिला होता. झिजलेल्या अर्ध्या अक्षरावरही त्या पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नसत.

"झाकण होतं," त्या थंडपणे म्हणाल्या. "गॅस मी स्वतः बंद केला होता. खाली जाऊन लिंबं घेऊन आले, तेवढ्यात अर्धं पातेलं आटलं? विश्रांतवाडीत?"

"हवा कोरडी आहे," सीतारामराव छताकडे पाहत म्हणाले.

प्रश्न सुपाचा नव्हता. तापातून उठलेल्या सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, तोंड मिटून घेतले होते. पेज परत गेली, मऊ भात परत गेला, मुगाच्या कढणावर तर "मातीवानी लागतंय" असा शेरा पडला. त्यांना हवी होती भाकरी आणि लसणाची चटणी. तिखटाला डॉक्टरांची मनाई. तळमजल्यावरचे डॉ. अभिनव सकाळी स्पष्टच बोलले होते, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर ॲडमिट करावं लागेल." सुंदराबाईंचे यजमान ॲडमिट झाले ते घरी परतलेच नव्हते. त्या शब्दाला घरातली भिंतही घाबरत असे.

तेव्हा कल्याणीबाईंनी आपल्या यवनांना हाक दिली होती. ग्रीक पद्धतीचे सूप: कोंबडीचे पाणी, त्यात शिजवलेला भात, शेवटी फेटलेले अंडे आणि लिंबू. तिखट नाही, तेल नाही, आणि आंबट. डॉक्टर व सासू यांच्यात दुसरा तह संभवत नव्हता.

आता पातेल्यात भात होता आणि पाणी निम्मे. त्यांनी नळाचे पाणी ओतले. ते गार, म्हणून गॅस मोठा केला. आणि राग गॅसहून मोठा असल्यामुळे, पळी-पळीने घालायचे अंडे एकदम ओतले. क्षणात पातेल्यात पिवळ्या चिंध्या तरंगू लागल्या.

"ग्रीसमध्ये भुर्जी पातळच करतात का?" सीतारामरावांनी डोकावून विचारले.

"आपण बोलू नये."

"मिक्सरमधून काढतो. एकजीव होईल."

उत्तराची वाट न पाहता सीतारामरावांनी ते काढले. गरम सुपाने मिक्सरचे झाकण उडवले. भिंतीला सूप मिळाले, घड्याळाला मिळाले, सीतारामरावांच्या चष्म्याला तर भातासकट मिळाले. जिच्यासाठी ते केले होते, तिच्यापुरता थेंब उरला नाही.

तेवढ्यात दारात डॉ. अभिनव. "काही घेतलं का आजींनी?"

कल्याणीबाईंनी हात पुसले आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, अगदी क्षीण. मात्र उशीच्या कडेला भाकरीचा चुरा होता.

"आई, हात बघू."

मूठ मिटली. अंगठा तेवढा बाहेर राहिला.

"अंगठा तांबडा कशानं झाला?"

"मेंदी हाय."

"लसणाच्या वासाची?"

सीतारामराव चष्मा पुसत दारात आले. "पातेलं जड होतं, कल्याणी. मी फक्त धरलं."

डॉ. अभिनव यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले आणि पिशवी बंद केली. "ॲडमिट कशाला? आजी जेवल्यात."

ज्या गुन्ह्यासाठी कल्याणीबाई जन्मभराचा अबोला ठोठावणार होत्या, तो घडावा म्हणूनच त्या सकाळपासून राबत होत्या. तरीही शिस्त ती शिस्त. त्यांनी आरोपीला बोलायला सांगितले. तो जबाब, मूळ पाठात काही दुरुस्ती न करता, असा:

"व्हय, मीच प्याले. भाकरी कुस्करून, वर चटणी घालून. तुझं अंडं-लिंबू पडायच्या आत उरकावं म्हणलं. पाणी लई ब्येस झालं हुतं, कल्याणी. उद्या परत कर. अन् लिंबं आणायला जरा लांब जा, पार मंडईत."