साखरेच्या आजाराचं रुखवत

ही १९७३ सालातली गोष्ट. सक्करदऱ्याच्या महादेवरावांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नवा बूट चावला आणि दोन महिने झाले तरी ती जखम भरेना. हळद झाली, कडुनिंब झाला, पण अंगठा मनावर घेत नव्हता. त्यात महादेवरावांना तहान इतकी लागे, की त्यांच्या खाटेजवळ तांब्याऐवजी घागरच ठेवावी लागे.

सून प्रेमिला दवाखान्यात जाऊन नव्या डॉक्टरांना विचारून आली. श्रीधर डॉक्टर वयानं कोवळे, पण बोलले स्पष्ट. "लक्षणं साखरेच्या आजाराची दिसतात. लघवी तपासू द्या. उशीर केला तर अंगठा जाईल."

महादेवरावांनी ते हसण्यावारी नेलं. "शुगर शेठ लोकायले होते वं. मी पोस्टात तीस वर्षं सायकल चालवली. मले काहून होईन?" आणि चहात चौथा चमचा साखर घातली.

सासऱ्यांना दवाखान्यात नेता येत नसेल तर दवाखाना अंगणात आणावा, असं प्रेमिलेनं ठरवलं. ती महिला मंडळात गेली. सगळ्या बायकांनी मिळून हातानं वस्तू करायच्या आणि साखरेच्या आजाराचं प्रदर्शन मांडायचं. एका टेबलावर 'खावे', दुसऱ्यावर 'टाळावे'. पहिल्यावर लोकरीची कारली, कापडाची मेथी, मातीची भाकर. दुसऱ्यावर कापसाचे लाडू नि पुठ्ठ्याच्या करंज्या. रविवारी डॉक्टर भाषण देतील आणि तिथंच फुकट तपासणी करतील. इतके लोक तपासून घेत असताना सासरे एकटे मागं राहणार नाहीत, असा तिचा हिशेब.

मंडळाच्या अध्यक्ष कांताबाई. प्रदर्शन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण रुखवत चाळीस लग्नांत मांडलं होतं.

"समजलं," त्या म्हणाल्या. "रुखवतच म्हण ना."

"तसंच, पण आजाराचं."

"कशाचं का असेना. मांडणी माह्यावर सोड तू."

प्रेमिलेनं सोडली. इथंच चुकलं.

शनिवारी दुपारी अंगणात मांडव पडला आणि एकेक बाई पदराखाली झाकलेलं ताट घेऊन येऊ लागली. प्रेमिलेनं पहिलं ताट उघडलं. खरे बुंदीचे लाडू! दुसऱ्यात अनारसे, तिसऱ्यात खोबऱ्याच्या वड्यांचं देऊळ, चौथ्यात खडीसाखरेचं तुळशी वृंदावन. अठरा बायकांनी मिळून सात प्रकारचे लाडू आणले होते.

"कांताबाई, लाडू कापसाचे करायचे होते जी!"

"कापसाचे? रुखवतात खोटे लाडू ठेवले तर लोकं काय म्हणतीन? मंडळाची इज्जत आहे का नाही?"

"अन् 'खावे'च्या टेबलावर काहीच कसं नाही?"

"शुभ मांडवात कारलं कोण आणते, बाप्पा! मीच नको म्हटलं सगळ्यायले."

'खावे'च्या टेबलावर प्रेमिलेनं स्वतः विणलेलं लोकरीचं एक कारलं तेवढं पडून होतं. महादेवरावांची धाकटी मुलगी देवकी हिनं मखमलीवर मणी ओवून 'गोड टाळा, आयुष्य सांभाळा' अशी पाटी केली होती. कांताबाईंनी ती लाडवांच्या वर तोरणासारखी टांगली आणि दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले.

तेवढ्यात रस्त्यानं धोंडबा चालला होता. धोंडबा खापा गावचा, आणि महादेवरावांचे सख्खे धाकटे भाऊ शालिकराम खाप्यात त्याच्या शेजारीच राहत. धोंडब्यानं मांडव पाहिला, केळीचे खुंट पाहिले, रुखवत पाहिलं आणि मांडवात मिरवणारी लग्नाच्या वयाची देवकी पाहिली. यापुढं कोणाला काही विचारायची त्याला गरज वाटली नाही. संध्याकाळच्या एसटीनं तो खाप्याला पोचला आणि थेट शालिकरामांच्या दारात उभा राहिला.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं शालिकराम उतरले. सोबत बायको, सुना, मेहुणे धरून तेरा माणसं. आहेराची लुगडी काखेत आणि राग नाकावर.

"काहून जी दादा, पोरीचं लगन लावून राहिले अन् सख्ख्या भावाले पत्ता नाही?"

"कोणाचं लगन?" महादेवराव चकित झाले.

"आता मलेच विचारा! देवकीचं."

देवकी लाजून आत पळाली. त्यामुळं तर खाप्याच्या मंडळींची खात्रीच पटली.

प्रेमिला पुढं झाली. "काकाजी, लगन नाही जी. साखरेच्या आजाराचं प्रदर्शन आहे हे."

शालिकरामांनी लाडवांच्या सातही राशी नजरेनं मोजल्या. "आजाराचं? मले काय खुळा समजली वं? ह्या घरचं पाणीही नाही पेणार मी. चला रे!"

तेरा माणसं वळली. आता भावाभावांत जन्माचं वैर पडणार, हे दिसत होतं. आणि या धांदलीत महादेवरावांना सुचलं ते असं सुचलं, की पोस्टातल्या तीस वर्षांत त्यांना कधी सुचलं नसेल.

"थांब गा शालिक! वरात आल्याबिगर रुखवताले कोणी हात लावते का?"

"नाही लावत."

"मग मी लावतो." महादेवरावांनी बुंदीचा लाडू उचलून अख्खा तोंडात टाकला. "आता सांग, लगन आहे का? बसा सगळे पंगतीले. सगळं खाऊन टाकू, मंग तर पटन!"

"मामाजी!" प्रेमिला किंचाळली.

"घरची इज्जत वाचवून राहिलो वं मी," महादेवराव म्हणाले आणि दुसरा लाडू घेतला.

पुरावा बिनतोड होता. शालिकराम विरघळले, पत्रावळी पडल्या. पाहुण्यांसोबत बसायला म्हणून मोहल्ल्यातलीही वीस-पंचवीस माणसं बसली. श्रीधर डॉक्टर बॅग घेऊन मांडवात शिरले, तेव्हा 'गोड टाळा'च्या पाटीखाली चाळीस माणसं अनारसे खात होती आणि कांताबाई वाढत होत्या. "डॉक्टर, बसा ना जी. गरम नाहीत, पण ताजे आहेत."

डॉक्टरांनी पाटी वाचली, मग पत्रावळी पाहिल्या. प्रेमिलेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"पोटभर खाल्लंय ना सगळ्यांनी?"

"हाव जी!"

"मग फारच छान. खाल्ल्यावर दोन तासांनी केलेली तपासणी सगळ्यांत चांगली. तोवर मी बोलतो."

ते दीड तास बोलले. लघवीत साखर किती, हे औषधाच्या कोणत्या रंगावरून ओळखायचं, तेही त्यांनी समजावलं. पण सात प्रकारच्या लाडवांवर ते भाषण कोणाच्याच कानापर्यंत पोचलं नाही. मांडव घोरत होता.

मग टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटला, काचेच्या नळ्यांत निळं औषध पडलं, आणि लोक खडबडून जागे झाले. पहिलं कोण? कोणीच हलेना.

"आमी खाप्याचे लोकं भेत नाही," म्हणत शालिकराम उठले आणि बाटली भरून घेऊन आले. डॉक्टरांनी आठ थेंब टाकून नळी उकळली. औषध होतं तसंच निळं राहिलं.

महादेवराव खदखदून हसले. "काहीच नाही झालं बे! तुह्यात दमच नाही." लहानपणी कुस्तीत, मोठेपणी बैलांच्या शर्यतीत, या भावांची चढाओढ साठीपर्यंत आली होती.

"मग दाखवा तुमचा दम!" शालिकराम चिडले.

दोन महिने जी गोष्ट सुनेच्या विनवण्यांनी झाली नाही, ती दोन मिनिटांत झाली. महादेवराव लंगडत गेले आणि बाटली घेऊन आले. नळी दिव्यावर धरली. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि पाहता पाहता विटेसारखा लालभडक! मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहिलं गा? याले म्हणतात रंग!"

डॉक्टर तेवढे हसले नाहीत. "काका, निळा राहिला ते चांगलं. लाल म्हणजे साखर. तुमची खूप आहे. पण वेळेवर कळलं, अंगठा वाचवू आपण."

टाळ्या थांबल्या. महादेवरावांनी भावाकडं पाहिलं. आता हा जन्मभर टोचणार. शालिकराम उठले, जवळ आले, मोठ्या भावाच्या कोटाच्या खिशात हात घालून लपवलेले दोन लाडू बाहेर काढले आणि गुपचूप ताटात ठेवले.

"उद्या मी थांबतो दादा," ते म्हणाले. "दवाखान्यात दोघं जाऊ."

अंगठा चार महिन्यांत भरला. महादेवराव त्यानंतर सोळा वर्षं जगले, तेही मोजून भाकर खाऊन आणि रोज सक्करदऱ्याच्या तळ्याला फेरी मारून. प्रेमिला नळी उकळायला शिकली. दर सोमवारी तिच्या ओसरीवर मोहल्ल्याची रांग लागे. श्रीधर डॉक्टर पुढं मोठे डॉक्टर झाले, आणि भाषण जेवणाआधी द्यायला शिकले. देवकीच्या लग्नाची बातमी धोंडब्यानं सावनेरपर्यंत नेली होती. ती खोटी निघाल्याचं कळताच तिथल्या एका घरानं आपणहून मागणी घातली आणि लग्न जमलंही. आपलं चुकलं, हे कांताबाईंनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

शालिकराम खाप्यात दर सहा महिन्यांनी तपासून घेत. नळी निळीच राही. १९८२ च्या दिवाळीनंतर मात्र महादेवरावांना त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या: "दादा, कालपासून मीही लाल. लाडू कोणत्या खिशात शोधायचे ते माह्या घरच्यायले सांगू नका."