रकाना सतरा : छतावरचा बर्फ

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराचा आगीचा विमा उतरवायचा, हा निर्णय मी एप्रिल महिन्यात सारासार विचार करून घेतला. कारण वरच्या पोर्शनमधल्या स्विचबोर्डातून ठिणग्या उडत होत्या.

तशा त्या दोन वर्षांपासून उडत होत्या. वरच्या पोर्शनमध्ये सत्यवतीबाई आणि त्यांची मुलगी भाग्यलक्ष्मी भाड्यानं राहतात. बाईंनी तक्रार केली नाही असा एक महिना गेला नसेल. "साहेब, बटणाला हात लावायची भीती वाटते हो. मी लाटण्यानं दाबते." बोर्डाशेजारी खिळ्याला सुतळीनं टांगलेलं ते लाटणं मी स्वतः पाहिलं होतं आणि बाईंच्या कल्पकतेचं कौतुकही केलं होतं. आमची ही, इंदुमती, कानीकपाळी ओरडायची, "अहो, इलेक्ट्रिशियनला बोलवा! अर्ध्या तासाचं काम आहे." पण मी शिक्षण खात्यात चौतीस वर्षं काढून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेला माणूस. दुरुस्ती केली की दोष होता हे कबूल केल्यासारखं होतं. विमा काढला की दूरदृष्टी दिसते.

विमा नुकताच खासगी कंपन्यांना खुला झाला होता. पूर्वी विमा कचेरीत गेलं की बाबू मान वर करत नसे. आता टाय लावलेली पोरं दारात बूट काढून आत येऊन बसत. आमच्याकडे आला तो युवराज. त्याच्या कंपनीचं गारगार ऑफिस हिमायतनगरला, आणि तिचा परदेशी भागीदार अशा मुलखातला की जिथं सहा महिने बर्फ पडतो. पॉलिसीचं नाव 'भाड्याच्या निवासी इमारतींसाठी सर्वंकष अग्निकवच'. फॉर्म बावीस पानांचा. तिकडच्या कुठल्याशा थंड गावासाठी तो केलेला होता आणि गावाच्या नावावर हैदराबादची चिठ्ठी चिकटवून तो आपल्याकडे आला होता.

रकाना सतरा : छतावर साधारणपणे किती इंच बर्फ साचतो?

"काका, हे सोडून द्या. नॉट अ‍ॅप्लिकेबल लिहा, बस," युवराज म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, चौतीस वर्षांत मी कधी 'लागू नाही' लिहिलं नाही! तसं लिहिलं की वरून हरकत येते. का लागू नाही, केव्हापासून लागू नाही, लागू नसल्याचा दाखला कुठाय! तू मला शिकवतोस?"

"नक्को काका, चुकलो. लिहा."

मी लिहिलं : शून्य इंच. घर तापवण्याचं साधन : नाही. नळातलं पाणी गोठू नये म्हणून केलेली व्यवस्था : नाही. बर्फ उपसण्यासाठी नेमलेली जबाबदार व्यक्ती : नाही. सगळं खरं, सगळं सुवाच्य अक्षरात. 'इमारतीत भाडेकरू आहे काय?' या रकान्यात मात्र हात जरा अडखळला. म्युनिसिपालिटीच्या दप्तरी सत्यवतीबाई माझ्या सख्ख्या भगिनी आहेत आणि भावाच्या घरी फुकट राहतात. त्यानं घरपट्टी कमी बसते. तिथला निरीक्षक आला की बाई मला 'भाऊ' म्हणतात, तो गेला की 'साहेब'. पण दोन कार्यालयं एकमेकांना कधी पत्र लिहीत नाहीत हे मला ठाऊक असल्यामुळे मी 'आहे' असं लिहून मोकळा झालो.

स्विचबोर्डाबद्दल बावीस पानांत एकही रकाना नव्हता. जे विचारलेलं नाही ते सांगायचं नाही, हा खात्याचाच शिरस्ता. मी तो पाळला.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. आमचं घर त्यांच्या संगणकानं 'अतिधोकादायक' ठरवलं होतं. कारण दिलं होतं : घर तापवण्याचं साधन नसल्यामुळे गारठलेले भाडेकरू फरशीवर शेकोटी पेटवण्याचा दाट संभव आहे. तरी भाड्याच्या पोर्शनमध्ये हीटर बसवावा, बर्फ उपसायचं फावडं ठेवावं, एक जबाबदार व्यक्ती लेखी नेमावी. मग पाहणी होईल, आणि त्यानंतर पॉलिसी.

"युवराज, त्या संगणकाला सांग, इथं मे महिना चालू आहे."

"सांगायला त्याच्यात जागाच नाही काका."

हे उत्तर मला पटलं. मीही चौतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो होतो.

मी सुलतानबाजारात गेलो. भर दुपारी हीटर मागितल्यावर दुकानदारानं आधी मला खुर्ची दिली, मग पाणी दिलं. "साब, तबियत तो ठीक है ना?" म्हणाला आणि माळ्यावरून एक हीटर काढून, धूळ झटकून दिला. फावडं शेजारच्याच दुकानात मिळालं. राहिली जबाबदार व्यक्ती. छताला सगळ्यांत जवळ राहणाऱ्या म्हणून मी सत्यवतीबाईंना नेमणूकपत्र दिलं : 'हिमनिवारण प्रमुख (मानद)'.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "हौ साहेब, बर्फ पडला तर काढते मी. पण ते बटण?"

"बाई, तो विषय या प्रस्तावाच्या कक्षेत येत नाही."

"सोमवारी भाग्यलक्ष्मीचा इंटरव्ह्यू आहे. पोरगी रात्रंदिवस त्याच दिव्याखाली बसते हो."

"पाहू," मी म्हणालो. हा शब्दही खात्याचाच.

शनिवारी दुपारी कंपनीचे पाहणी अधिकारी अप्पाराव आले. घामानं निथळत होते बिचारे. इंदुमतीनं दिलेलं ताक त्यांनी उभ्याउभ्या संपवलं आणि कामाला लागले. फावड्याची लांबी मोजली. नेमणूकपत्रावरची सही तपासली. वरच्या पोर्शनमध्ये येऊन हीटरसमोर उभे राहिले. "चालू करके दिखाओ साब."

"या उन्हाळ्यात?"

"क्या करना साब, रिपोर्ट में लिखना पड़ता. चालू हालत में देखा, बोलके."

खोलीत प्लग एकच, त्याच बोर्डावरचा. सत्यवतीबाई आडव्या आल्या. "साहेब, तिथं नका लावू. पाया पडते तुमच्या."

"बाई, सरकारी कामात अडथळा आणू नका," मी म्हणालो. काम खासगी होतं, पण जीभ जुनी. मी खिळ्यावरचं लाटणं काढलं आणि बटण दाबलं.

फाडकन आवाज झाला. बोर्ड पेटला, बोर्डावरून पडदा पेटला आणि पडद्यावरून फळी. इंदुमतीनं धावत खाली जाऊन मेन बंद केला. मी लाटणं हातात घेऊन उभा होतो. सत्यवतीबाईंनी ते नवंकोरं फावडं उचललं आणि गच्चीवरच्या कुंड्यांतली माती भराभरा आगीवर टाकली. हिमनिवारण प्रमुखांनी आग विझवली खरी, पण तोवर फळीवरची फाईल जळून गेली होती. तिच्यात भाग्यलक्ष्मीची दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं होती.

अप्पाराव जिन्यात उभे राहून खोकत रिपोर्ट पुरा करत होते. मी डोकावून पाहिलं. घर तापवण्याची व्यवस्था : समाधानकारक.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याजवळ आल्या, हात मातीनं भरलेले. "भाऊ," म्हणाल्या. म्युनिसिपालिटीचा निरीक्षक आलेला नव्हता, तरी म्हणाल्या. "कागदावर मी तुमची बहीण ना? मग बहिणीचं एक बटण..."

मला लाज वाटली. खरोखर वाटली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी भाग्यलक्ष्मीला म्हणालो, "काळजी करू नकोस. दुसऱ्या प्रती मिळतात. त्याचा एक फॉर्म असतो, मी स्वतः भरून देईन." त्या पोरीनं माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. सोमवारी ती रिकाम्या हातांनी इंटरव्ह्यूला गेली आणि तशीच परत आली.

इलेक्ट्रिशियन रविवारीच येऊन गेला होता. वीस मिनिटं लागली त्याला. पॉलिसी आठ दिवसांनी आली. आगीच्या दुसऱ्या दिवसापासून लागू, सोबत अभिनंदनाचं पत्र, आणि पत्रावर बर्फातल्या घरासमोर हसत उभ्या असलेल्या कुटुंबाचा फोटो.

तुम्हीही हसताय. हसा, हसा. पण तुमच्याही घरात एक बटण असेलच, की पाहुण्याचा हात तिकडे गेला रे गेला की तुम्ही आतून ओरडता, "ते नको, ते नको, थांबा, मी लावतो!" खरं सांगा, तुम्ही ते कशानं दाबता?