नानांचं वाजतं घर

आमच्या नानांच्या घरात चोराची सोय नव्हती. चोराचं सोडा, मांजरीचीही नव्हती. मांजरीच्या गळ्यात घुंगरू, वासराच्या गळ्यात घंटी, दाराच्या कडीला पितळी लोलक आणि रांगत्या नातवाच्या करदोट्याला इतकी घुंगरं, की पोर रांगायला लागलं की बैलगाडी रस्त्याला लागल्यासारखं वाटे. खुद्द नानांच्या जोड्यांनाही घुंगरं होती. ते शेतातून परतत तेव्हा गल्लीतली माणसं मागे न बघता बैलाला वाट करून देत.

कुणी विचारलंच, तर नाना म्हणत, "वाजाले जोयजे, भो! मुकं घर बरं नही वाटत."

नाना म्हणजे माझे थोरले काका. रनाळ्याला आमचं एकत्र घर होतं. नाना-नानी, त्यांचा मुलगा सुकलालदादा, त्याची बायको जिजावहिनी आणि तिचं ते वाजतं पोर. शिवाय माझे आई-बापू आणि मी. गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. नाना शेतकरी होते असं लोक म्हणत. आम्ही घरातले मात्र म्हणायचो, की छंदांतून सवड मिळाली तर ते शेतावरही जातात.

छंद तरी किती! पोळ्याला ते बैलांची शिंगं अशी रंगवत, की शेजारच्या गावचे लोक आपले बैल घेऊन ओट्यापुढे रांग लावत. आमचे बैल शेवटी संध्याकाळी, उरलेल्या रंगात निघत. एकदा मातीत त्यांनी बापूंचं डोकं घडवलं. ते इतकं हुबेहूब रागावलेलं झालं, की घरात ठेवायची कुणाची छाती होईना. शेवटी शेतात बांधावर ठेवलं. त्या वर्षी ज्वारीवर पाखरू बसलं नाही. तमासगिरांकडून आणलेली एक मोडकी पेटी त्यांनी दुरुस्त केली, तर तिचा एक सूर हात लावला नाही तरी आपला आपण रडत राही. आणि ओसरीच्या भिंतीवर त्यांनी नुसत्या रंगाने एक हुबेहूब खुंटी काढली होती. सुकलालदादाचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी त्या खुंटीला पागोटं अडकवलं. ते पडलं. उचलून पुन्हा अडकवलं. जिजावहिनी त्या घरची लेक, तिने हसू दाबण्यासाठी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

अशा माणसावर कोण रागावणार? गल्लीतल्या आम्हा मुलींच्या वेण्याही नाना घालून देत, आणि आईपेक्षा चांगल्या घालत.

चित्र झालं की ते चुलीकडे तोंड करून हाक मारत, "सुकलालनी माय, देख बरं!" नानी पिठाचे हात तसेच घेऊन येई, मान तिरकी करी आणि काहीतरी खोट काढीच. "मोरना पाय जाडा व्हई गयात." नाना मुकाट्याने पाय बारीक करत. नानीने खोट काढल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होत नसे.

मग एका वर्षी नानांनी रंगांच्या वाट्या माळ्यावर टाकल्या, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारातून पोतंभर घुंगरं आणली आणि घर वाजवायला घेतलं. आम्हाला काही वाटलं नाही. नानांचा एक छंद गेला, दुसरा आला, एवढंच.

घरातल्या प्रत्येकाला त्यांनी वेगळा आवाज वाटून दिला. माझ्या पायात जाड पैंजण. बापूंच्या काठीला घंटी. जिजावहिनीसमोर त्यांनी दोऱ्यात ओवलेलं घुंगरू धरलं, तेव्हा ती फणकारली, "मी काय बैल शे का?" सासऱ्यापुढे असं बोलल्याबद्दल तिने जीभ चावली, पण घुंगरू काही बांधलं नाही.

गाडी अडली ती माझ्यापाशी. मला पाहायला पाहुणे आले. मी पोह्यांची ताटली घेऊन आतून निघाले ती छुमछुम करत. मुलाच्या मामाने बापूंना हळूच विचारलं, "पोरगी नाचस का?"

पाहुणे गेले ते गेलेच. बापूंनी काठी आपटली. काठी वाजली, म्हणून आणखी चिडले. "नाना, बस व्हयनं! कानबाईले सगळी भाऊबंदकी येई. घरमा एक घुंगरू दिखाले नको!"

श्रावणातली कानबाई म्हणजे आमच्याकडचा सर्वांत मोठा सण. नारळाला मेणाने चांदीचे डोळे आणि नथ लावून देवीचं मुख करायचं, गव्हाचे रोट करायचे आणि भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. आमच्या घरात एक जुनी रीत होती. जी बाई कानबाईला डोळे लावते, तिच्याच कमरेला कोठीच्या किल्ल्या. तो मान नानीचा. तिच्या हातून ते काम निभेनासं झालं, की डोळे सुनेने लावायचे आणि किल्ल्याही सुनेकडे जायच्या. खुद्द नानीच्या सासूने एका कानबाईला किल्ल्या सोडल्या आणि पुढे ती ओसरीच्या कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली, ती कायमची. नानीला त्या कोपऱ्याची फार धास्ती होती. "माले तठे बसाडू नका," असं ती हसत हसत म्हणे, पण म्हणे.

नानांनी बापूंपुढे हात जोडले. "माले घरमाईन काढ, पन घुंगरं नको काढू रे भाऊ." बापू हसले. सुकलालदादाने सगळी घुंगरं सोडून पोत्यात भरली.

कानबाईच्या दिवशी सकाळी घर गप्प होतं. आम्हाला हायसं वाटलं. नानीचा मात्र पाय मांजरीवर पडला. मग लोटलेल्या दारावर तिचं कपाळ आपटलं. मला तिने "जिजा" म्हणून हाक मारली आणि गूळ किसायला सांगितला. रोटांचं दळण दळून ती दमली असेल, असं आई म्हणाली.

देवीचं मुख होईपर्यंत समोर धोतर धरतात. ते नानांनी धरलं होतं. आत नानी, बाहेर दाटीवाटीने बसलेल्या भाऊबंदांच्या बायका. धोतर खाली आलं आणि सगळ्यांनी हात जोडले, ते तसेच राहिले. कानबाईचा एक डोळा जागेवर होता. दुसरा नथीच्या खाली, गालावर.

कुणी तोंड उघडायच्या आत नाना ओरडले, "मी! मीच हालाडा तो डोया! म्हटलं, यंदा देवी जराखी येगळी करूत."

मग काय विचारता! बायका तुटून पडल्या. बापू म्हणाले, "आते देवीवरबी कलाकारी का?" एका म्हाताऱ्या चुलतीने शिक्षा फर्मावली, आणि साठी ओलांडलेल्या नानांनी कानबाईपुढे कान धरून उठाबशा काढल्या. त्याही अशा डोळे फिरवत काढल्या, की बायका रागावता रागावता हसायला लागल्या. मीही पोट धरून हसले.

जिजावहिनी हसत नव्हती. ती नानीकडे बघत होती. गालावरचा डोळा मेण सुटून पाटावर पडला होता आणि नानी तो चाचपत होती. डोळा बोटांच्या समोर होता, बोटं भलतीकडे फिरत होती.

वहिनी उठली. बायकांकडे पाठ करून नानीला खेटून बसली. डोळा उचलून तिने नानीच्या चिमटीत दिला, मनगटाखाली हात धरला आणि डोळा जागेवर बसेपर्यंत सोडला नाही. उठताना मोठ्याने म्हणाली, "लाया व, आत्याबाईसनी डोया. नाना, आते तुमी दूरच बठा!"

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत कानबाईला निरोप दिला. पाहुणे पांगले. नाना ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसले होते. छंद गेलेले नाना मी कधी पाहिले नव्हते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

एवढ्यात घरातून आवाज आला. छुम. छुम. घुंगरं तर सगळी पोत्यात होती, वासरू गोठ्यात, मांजर माझ्या मांडीवर.

आतून नानीचा आवाज आला, "जिजा का व?"

"हा, आत्याबाई."

"कोठीमाईन गूय काढ बरं." आणि नानीने कमरेचा जुडगा काढून सरळ त्या आवाजाकडे फेकला. वहिनीने तो वरच्यावर झेलला, गूळ काढला आणि जुडगा पुन्हा नानीच्या कमरेला खोचला.

तेव्हा कुठे मला कळलं. नानांनी रंग माळ्यावर का टाकले ते कळलं. खोट काढणारे डोळेच राहिले नव्हते, तर ते चित्र दाखवणार कुणाला? आणि बायकोला कुणी आंधळी म्हणू नये म्हणून हा माणूस सगळ्या गावाकडून स्वतःला खुशाल खुळा म्हणवून घेत होता.

वहिनी ताकाचा तांब्या घेऊन ओट्यावर आली. तिच्या पायात तेच दोऱ्यात ओवलेलं घुंगरू होतं. नानांनी ते पाहिलं.

"जिजा," ते खाली मान घालूनच म्हणाले, "पायले टोचस का व?"

"नही," वहिनी म्हणाली. "बैलले कोठे टोचस?"

नाना हसले. हसता हसता त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला, आणि मला म्हणाले, "ऊठ व पोरी, ते पोतं आन."