मान खाली घालणारी तोफ

एक खोटा आकडा मी सहा वर्षे मनात दडवून ठेवला. त्यापायी माझ्या शेजाऱ्यांच्या दोन तोफा वाया गेल्या, आणि दोन्ही वेळा त्यांच्याच घरी चहा पीत मी हळहळ व्यक्त केली. आज तिसरी तोफ त्यांच्या बैठकीत ताठ उभी आहे, म्हणून हे लिहिण्याचा धीर होतो.

हे शेजारी म्हणजे मैलूरचे बसवंतअप्पा. हयात लेथ यंत्रावर धातू कातण्यात गेली. निवृत्त झाल्यावरही सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी पोलादी पट्टी असते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी अप्पांच्या मते सूतभर चुकलेल्या असतात. लग्नाचा मांडव सूतभर कललेला, माझी मिशी डावीकडे सूतभर जास्त. पत्नी गौराक्कांच्या ज्वारीच्या भाकरीलाही ते पट्टी लावतात आणि म्हणतात, "गोल हाय." चाळीस वर्षांच्या संसारात मिळालेली ही एवढीच स्तुती, असे अक्का सांगतात.

अप्पांना आमच्या गावच्या किल्ल्याच्या बुरुजावरच्या मोठ्या तोफेची प्रतिकृती करायची होती, दहाव्या हिश्श्याने. नळी पितळेची, गाडा सागवानी, चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या धावा. बार काढायचा नव्हता, तरी बत्ती द्यायचे छिद्र आरपार हवे होते. "उडवायची न्हाई अण्णा," ते मला समजावत, "पण उडंल अशी करायची."

गुडघ्यांमुळे त्यांना बुरुज चढवत नव्हता, म्हणून मापे घ्यायला मी गेलो. सारी नीट घेतली. शेवटी एकच अंतर उरले: तोफेच्या तोंडापासून तिच्या दोन कुशींच्या खुंटांपर्यंतचे. याच खुंटांवर तोफ गाड्यात तोलली जाते. ऊन तापले होते, टेप अपुरी पडली. राहिलेले अंतर मी सावलीत बसून, भुईमुगाच्या शेंगा खात, नजरेने ठरवले.

पहिली तोफ गाड्यावर ठेवली आणि तिने हळूच मान खाली घातली. "सलाम करायलीय बघा," अप्पा म्हणाले. वर्षभर खपून त्यांनी दुसरी घडवली. तिनेही सलामच केला. आता पहिलीने गौराक्का लसूण ठेचतात आणि दुसरी मागच्या दाराला टेकण म्हणून असते. तिसरी झाली की पाटा-वरवंटा विकून टाकते, असे अक्का शेजारणींना सांगत. पण तिच्या पितळेसाठी माहेरची घागर त्यांनीच माळ्यावरून काढून दिली. या साऱ्याला मी मनापासून हसत असे. हसताना माणसाला आपला अपराध तितकासा टोचत नाही.

मग एका सकाळी अप्पांनी शांतपणे सांगितले की घागर वितळवायची नाही. लेथ कमलनगरच्या भाच्याला देऊन टाकायचा.

"हात गेले माझे अण्णा. डोळेबी गेले. न्हाईतर दोनदा तीच चूक कामून व्हईल?"

मी समोरचा आराखड्याचा कागद उचलून पाहत बसलो. हिशेबाच्या प्रत्येक आकड्याशेजारी तांबड्या शाईच्या खुणा होत्या. अप्पांनी आपलेच गणित पुन्हा पुन्हा तपासल्याच्या. मी आणलेल्या मापांजवळ मात्र एकही खूण नव्हती. तिथे बारीक अक्षरांत लिहिले होते: 'दत्ताअण्णांनी मोजलं.' बायकोच्या भाकरीलाही पट्टी लावणाऱ्या माणसाने माझ्या एकाही आकड्याला ती लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लांब टेप घेऊन मी बुरुज चढलो. ते अंतर तीनदा मोजले आणि चिठ्ठी घेऊन तडक अप्पांकडे गेलो. लेथवर पोते टाकलेले होते. चिठ्ठी पुढे ठेवून मी पुटपुटलो की माप घेताना माझे जरासे चुकले होते.

अप्पांचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला.

"किती? सूतभर?"

मी 'हो' म्हटले असते, तर त्यांनी ते तेवढ्यावरच सोडले असते. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"सूतभर न्हाई अप्पा, हातभर. अन् चुकलंबी न्हाई; मी मोजलंच नव्हतं. सावलीला शेंगा खात बसलो अन् अंदाजानं लिवलं. तुमच्या हातात काई खोट न्हाई. मला माफ करा."