गर्भ गैरहजर

वजनमापे विभागातील एका निरीक्षकबाईंनी, वय सदतीस, मधुमेह सव्वीस वर्षांचा, मूल होऊ द्यायचे ठरवले. ठरवताना त्यांच्या हातून एक चूक झाली. त्या आधी विचारायला गेल्या.

मधुमेह असेल तर आधी विचारा, असे इस्पितळातला प्रत्येक फलक सांगत होता. दिवस राहिल्याचे कळेपर्यंत बाळाचे हृदय आणि पाठीचा कणा घडू लागलेले असतात, म्हणून साखर त्याआधीच ताब्यात हवी. काही गोळ्या सुरू करायच्या, काही बदलायच्या. बाईंची रक्तदाबाची गोळी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना बाधणारी होती. ती बदलेपर्यंत नवराबायकोने संततिनियमन चालू ठेवायचे होते. त्यांचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "गोळी मी बदलली की वरून विचारणा होते. तुम्ही गर्भपूर्व सल्ला कक्षात जा. ते त्यांचं काम आहे."

कक्ष तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागे होता. खिडकीत एक कारकूनबाई बसल्या होत्या.

"गर्भवती नोंदणी क्रमांक?"

"नाहीये. मी अजून गरोदर नाही."

"मग इकडे कशा?"

"दारावर गर्भपूर्व असं लिहिलंय."

"ते दारावर. संगणकात तसं काही नाही. क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

निरीक्षकबाईंची चौदा वर्षे दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली होती. काटा शून्यावर आहे का ते आधी पाहायचे, मग वजन ठेवायचे, हा त्यांचा नियम. इथे वजन ठेवल्याशिवाय काटाच सुरू होत नव्हता.

कारकूनबाई मनाने वाईट नव्हत्या. "तुमचं अडायला नको, ताई. सहा आठवडे टाकते. एवढं कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितले.

कक्षातल्या तज्ज्ञांनी पडद्यावर नजर टाकून हात झटकले. "सहा आठवडे झाले? मग तुम्ही आमच्या राहिला नाहीत. वरच्या मजल्यावर, प्रसूती विभाग."

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला. "साखरेची तीन महिन्यांची सरासरी सात पूर्णांक आठ. आणि आत्ता येताय? शिकल्यासवरलेल्या दिसता. आधी यायला काय झालं होतं?"

"आधीच आले होते. खाली."

"सगळ्या असंच म्हणतात."

"निदान माझी गोळी तरी बदलून द्या."

"आधी ठोके ऐकू येऊ देत. ठोक्यांची नोंद झाल्याशिवाय औषधाला हात लावता येत नाही."

सोनोग्राफी झाली. शेरा पडला: 'गर्भ गैरहजर. पुढील तारखेस हजर ठेवावा.' पुढच्या तारखेलाही तो आला नाही. त्याच्या पुढच्या तारखेनंतर घरी लिफाफा आला. सलग तीन तारखांना गर्भ उपस्थित न राहिल्याबद्दल मातेने सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा काही सांगायचे नाही असे समजण्यात येईल.

लिफाफा सासूबाईंनी फोडला.

"तीन महिने झाले आणि मला पत्ता नाही?"

"आई, काही नाहीये. फक्त कागदावर आहे," मुलगा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरातही एका वेळी एकच गोष्ट नीट बघायचा.

"तुझ्या बाबांची बढतीपण आधी कागदावरच आली होती. मी तेव्हाही नव्या पडद्यांचं माप घेतलं होतं."

त्या दिवसापासून सासूबाईंनी सुनेला बादली उचलू दिली नाही. गर्भाचा कुणाला काही फायदा झाला असेल तर तो एवढाच.

नोंद रद्द करायला निरीक्षकबाई पुन्हा खाली गेल्या.

"गर्भपाताचा दाखला आणा," कारकूनबाई म्हणाल्या.

"जो नव्हताच तो पडेल कसा?"

"पडला नाही ना? मग आहे."

बाईंनी वाद सोडला आणि साखर धरली. दिवसातून सात वेळा बोट टोचून त्यांनी सरासरी सात पूर्णांक आठवरून सहा पूर्णांक तीनवर आणली. प्रत्येक तारखेला 'माता सहकार्य करते' असा शेरा मिळत गेला. गोळी तीच राहिली.

बेचाळिसावा आठवडा उलटला आणि संगणकाने मुदत संपलेले प्रकरण आपणहून निकाली काढले: प्रसूती झाली असे गृहीत. बाळाचे वजन तीन किलो. बाळ-बाळंतीण सुखरूप.

बाईंना हायसे वाटले. अहवाल घेऊन त्या चौथ्या दिवशी खिडकीशी हजर झाल्या. या वेळी त्यांच्याकडे क्रमांक होता.

कारकूनबाईंनी तो टाकला आणि चष्म्यावरून पाहिले. "अहो, बाळ चार दिवसांचं आहे. इतकी कसली घाई? दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर लागतं."

"मला पहिलंच झालेलं नाही."

"नाही कसं? तीन किलोचं आहे."

समोरचे वजन खोटे आहे हे ठाऊक असूनही निरीक्षकबाईंना ते जप्त करता येत नव्हते. नोकरीतली ही पहिलीच वेळ.

"तीन वर्षांनी मी एक्केचाळीस वर्षांची होईन."

"मग सुटलातच. हा कक्ष चाळिशीपर्यंतच आहे." त्यांनी खणातून संततिनियमनाचे पत्रक काढून पुढे सरकवले. "हे वाचा. यात सगळं आहे."

महिनाअखेरीस इस्पितळाचा वार्षिक अहवाल निघाला. नव्या कक्षात नोंदलेल्या मधुमेही मातांमध्ये एकही गुंतागुंत नाही, असे त्यात अभिमानाने म्हटले होते. नोंदलेली माता एकच होती, पण टक्केवारीत ते कळत नाही. वर्तमानपत्रात बातमी आली: सव्वीस वर्षांच्या मधुमेहावर मात करून अडतिसाव्या वर्षी मातृत्व. गोपनीयतेसाठी नाव नव्हते. सोबत एका इवल्याशा पावलाचे छायाचित्र होते, खाली बारीक अक्षरांत 'प्रातिनिधिक'.

दोन दिवसांत ते कात्रण निरीक्षकबाईंच्या फोनवर एकोणीस वेळा आले. नणंदेने लिहिले, "बघ वहिनी, हिला जमलं. तू उगाच घाबरतेस." मामेबहिणीने लिहिले, "मनावर घेतलं की साखरबिखर आड येत नाही." कचेरीतल्या वरिष्ठांनी नुसतेच "प्रेरणादायी" असे लिहिले.

विसावा निरोप तुमचा होता. तुम्ही तो फार सांभाळून, दुखावले जाऊ नये अशा बेताने लिहिला होता: "रागावू नकोस, आपली म्हणून सांगते. वय थांबत नाही गं. आता आणखी टाळू नकोस."